एक फट

चपला पायात सरकवता सरकवता मालन म्हणाली, "काकू, ताई आणि बाळ दोघंपण गाढ झोपलीत. बाळाचे गाल बघा कसे लाल लाल झालेत. आता बारापर्यंत कोणी उठवू नका," आणि सहा मजले उतरायला निघून गेली. वाक्य सरोजताईंसाठी होतं. हॉलमधल्या खुर्चीत कालचाच पेपर आज दुसऱ्यांदा वाचत बसलेल्या त्र्यंबकरावांच्या ते नुसतं कानांवर पडलं. पण पडलं आणि ओळीवरून सरकणारं त्यांचं बोट होतं तिथेच थांबलं. काय टोचलं ते त्यांना कळेना. बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई घरोघर म्हणते तसलंच ते वाक्य. नातवाचे गाल लाल झाले तर आजोबांनी खूश व्हायचं असतं, आणि ते मनातल्या मनात खूश झालेही. तरी बोट काही पुढे सरकेना, आणि डोक्यात मघापासून जो ठणका होता तो उजव्या भुवईच्या वर येऊन बसला.

घरात आवाज असा नव्हताच. परवा संध्याकाळी रस्त्याखालची केबल जळाली आणि डोंबिवलीच्या त्या अर्ध्या भागातली वीज गेली, ती आज तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आलेली नव्हती. फ्रिज गप्प, पंखे गप्प, सोसायटीच्या जनरेटरचं डिझेल कालच संपल्यामुळे लिफ्टही दुसऱ्या मजल्यावर तोंड उघडं टाकून उभी. वीज असताना घर किती बडबडं असतं ते ती गेल्यावर कळतं. एरवी त्र्यंबकरावांना ही शांतता आवडली असती. त्यांचा सगळा जन्म आवाज न करण्यात गेला होता. चहाच्या कपात साखर ढवळताना चमचा कडेला लागू नये, सकाळची कडी काढताना खट्ट होऊ नये, कुणाची झोपमोड होऊ नये. सरोजताई म्हणायच्या, "ह्यांना चोर व्हायचं होतं, चुकून सुपरवायझर झाले." ती थट्टा लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षातली, अजून चालू होती, आणि खरं तर त्र्यंबकरावांना तिचा थोडा अभिमानही होता.

बाळ अकरा दिवसांचं होतं. अंतरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, जावई साईनाथ नाशिकला नोकरीवर, शनिवारी येणार आणि रविवारी बारसं. नाव ठरलेलं होतं पण बारशाआधी ते उच्चारायचं नाही असा सरोजताईंचा दंडक, त्यामुळे सध्या सगळे त्याला नुसतं बाळ म्हणत. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्याच दिवशी हवेत तो वास आला होता. डिसेंबरात सकाळ-संध्याकाळ कारखान्यांच्या पट्ट्याकडून येतो तो, सडक्या कोबीचा आणि पेंटचा मिळून असतो तसा. वर्षानुवर्षं इथे राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही, माणसं नाकाला रुमाल लावतात आणि गप्पा पुढे चालू ठेवतात. पण ह्या खेपेला घरात दोन वितींचं एक माणूस आलेलं. त्यातून बाळंतिणीला वारं लागता कामा नये. मग त्र्यंबकरावांनी बाजारातून रुंद खाकी चिकटपट्टी आणली, थर्मोकोलच्या पट्ट्या कापल्या, आणि अंतराच्या खोलीची सरकती खिडकी चारही बाजूंनी बंद करून टाकली. तिला जोडून असलेल्या बाथरूमच्या झडपांवर पुठ्ठा ठोकला. दाराखालच्या फटीसाठी जुन्या चादरीची गुंडाळी शिवून घेतली. तीस वर्षं भट्टीच्या दारांच्या फटी दोरी भरून बुजवणाऱ्या माणसाचं काम ते. सरोजताईंनी खिडकीवर ओला हात फिरवून पाहिला आणि म्हणाल्या, "एक फट म्हणून राहिली नाही हो." एवढं उघड कौतुक त्यांच्या तोंडून बऱ्याच वर्षांनी निघालं होतं. त्या संध्याकाळी त्र्यंबकरावांनी एक पोळी जास्त खाल्ली.

वीज होती तोवर अंतराच्या शेकाला विजेचा हीटर होता आणि न्हाण्याला गीझर. वीज गेली तशी मालन म्हणाली की काकू, शेगडी काढा, तोच खरा शेक, हीटरने काय हाडं शेकतात होय. मालन शहाडहून यायची. तिच्या हाताखालून निघालेली पोरं आता कॉलेजात जात होती, तेव्हा तिच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे. माळ्यावरून लोखंडी शेगडी उतरली. इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला. मालन शेगडी आधी गॅलरीत पेटवायची, पुठ्ठ्याने वारा घालायची, धूर पार निघून जाऊन निखारे लालभडक झाले की मगच आत न्यायची. धूर आत येऊ द्यायचा नाही ह्याबद्दल तिचा कटाक्ष होता. मग निखाऱ्यांवर चिमूटभर ओवा, वावडिंग, बाळंतशेपा, लसणीची सालं. त्याचा सुगंध घरभर. आधी बाळाला धुरी, मग शेगडी अंतराच्या खाटेखाली, खालून पाठीला शेक, दार ओढून घ्यायचं, चादरीची गुंडाळी फटीला लावायची. काल अर्धा तास ठेवली होती. आज अंतराला कंबरेत जास्तच दुखतंय म्हणून शेगडीत आणखी दोन मुठी कोळसा घालून ती तशीच राहू दिली होती.

ठणका. त्र्यंबकरावांनी पेपर मांडीवर ठेवला. कालही ह्याच वेळेला डोकं दुखत होतं. सकाळी दूध आणायला खाली गेले तेव्हा नव्हतं, कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेतला तेव्हा अगदी लख्ख वाटत होतं. सहा मजले चढून आलो त्याने असेल, त्यांनी ठरवून टाकलं होतं. वय झालं, रक्तदाब आहे. पण सरोजचंही डोकं दुखत होतं. ती आत्ता समोर दिवाणावर डोळ्यांवर पदर घेऊन पडली होती, आणि सरोज दिवसाउजेडी आडवी होणाऱ्यांतली नव्हे. अंतराला काल दुपारी उलटी झाली तेव्हा हळिवाचा लाडू जड गेला असं निदान निघालं. आणि मालन, तिने काल जाताना जिन्यात भिंतीला हात टेकला होता. कढत पाण्याच्या वाफेने गरगरतं, म्हणाली होती. चार माणसं, चार कारणं, आणि चारही पटण्यासारखी. मग मनात पाल का चुकचुकते आहे? एकाच घरात चार माणसांना एकाच वेळी का बरं वाटेनासं व्हावं, हा प्रश्न त्यांना पडला खरा. पण पडताक्षणी त्यांनी तो जमिनीवरच्या कागदाच्या कपट्यासारखा पायाने बाजूला सारला, कारण त्याच्या पाठीमागून काय येणार आहे ते त्यांना ठाऊक होतं. गाल लाल झालेत. उठवू नका.

देवराम खडवलीहून यायचा. ठाण्याच्या त्या कारखान्यात लोखंडाचे भाग तापवून त्यांना पाणी द्यायची, म्हणजे ते कडक करायची, भट्टी होती, त्र्यंबकराव तिथे सुपरवायझर, देवराम भट्टीवर. उन्हाळ्यात फडक्यात बांधून करवंदं आणायचा, अर्धी साहेबांच्या घरी. एकतीस वर्षं झाली. दुपारचे अडीच-पावणेतीन असतील, वीज गेली. भट्टी विझत नाही विजेबरोबर. वरचा धूर ओढणारा मोठा पंखा तेवढा बंद पडला. सगळे वीज कधी येते ह्याची वाट बघत अंगणात विड्या ओढायला गेले, देवरामची सलग दुसरी पाळी होती म्हणून तो भट्टीला लागून असलेल्या छोट्या खोलीत बाकावर आडवा झाला. त्र्यंबकराव फेरी मारायला आले. दाराला वरच्या अंगाला काच होती, त्यातून पाहिलं. देवराम उताणा झोपला होता, एक हात छातीवर, चेहरा शांत, आणि त्या काळ्या, उन्हाने रापलेल्या गालांवर चक्क लाली. त्यांना आठवतं, त्यांना बरं वाटलं होतं. एवढा दमलेला माणूस, किती सुखाने झोपलाय. झोपू दे बिचाऱ्याला. दार अर्धवट उघडं होतं, वाऱ्याने आपटत होतं. त्याला जाग येऊ नये म्हणून त्र्यंबकरावांनी ते हळूच, अगदी हळूच, कडीचा आवाज न करता ओढून घेतलं.

चौकशी झाली. पंख्याची झाली, भट्टीची झाली, वीज किती वाजता गेली आणि किती वाजता आली ह्याची झाली. दार कुणी लावलं हे कुणी विचारलंच नाही, आणि त्र्यंबकरावांनी आपण होऊन सांगितलं नाही. भट्टीतून, निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, रंग नसतो, धूर निघून गेला म्हणजे तोही गेला असं मुळीच नसतं, माणूस गुदमरत नाही की खोकत नाही, नुसता झोपतो; हे सगळं नंतर कंपनीने फळ्यावर लिहून शिकवलं. त्र्यंबकरावांनी ते वहीत उतरवून घेतलं. खडवलीला निरोप घेऊन तेच गेले होते. देवरामची बायको शेवंती उंबऱ्याशी बसली होती, रडत नव्हती. त्यांनी तयार करून नेलेलं वाक्य म्हटलं की त्रास काही झाला नाही, झोपेतच गेला. ती त्यांच्याकडे बघून म्हणाली, "सायब, झोपल्याला तुमी बगितला ना? मंग उठवला का नाय?" त्यात आरोप नव्हता, हेच वाईट होतं. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. त्यांनी चपला घातल्या आणि ते निघाले. स्टेशनकडे येताना त्यांना जाणवलं की त्या बाईच्या अंगणातूनसुद्धा आपण पावलं न वाजवता बाहेर पडलो.

त्र्यंबकराव खुर्चीतून उठले. उठताना भिंत थोडी डावीकडे सरकली आणि परत जागेवर आली. अंतराच्या खोलीचं दार आठ पावलांवर होतं. खालच्या फटीतून गुंडाळीचा कोपरा बाहेर आलेला, तो त्यांना उगाचच नीट करावासा वाटला. दाराला कान लावला. आत काहीच नाही. बाळाचा तो झोपेतला कुंथण्याचा आवाजसुद्धा नाही, जो गेले आठ दिवस भिंतीतूनही ऐकू येत होता. त्यांनी एका बोटाने टकटक केली. जन्मभर जशी केली तशी, म्हणजे ऐकू येणार नाही अशी. "अंतरा," ते म्हणाले, तेही तसंच.

"अहो, काय चाललंय?" दिवाणावरून सरोजताईंचा आवाज आला. जड, जिभेला चिकटलेला. "झोपू द्या तिला. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता पोरीच्या."

शेगडी आत आहे का, त्यांनी विचारलं. आत नाही तर काय माळ्यावर असेल, वीज नाही तर शेक कशाने देणार, असं उत्तर आलं. खिडकी थोडी किलकिली करूया, ते म्हणाले.

"तुम्हीच तर चिकटवलीत," सरोजताई म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

दाराला आतून कडी लागलेली नव्हती. मालन बाहेर आली होती म्हणजे कडी असणं शक्यच नव्हतं. मुठीला हात घालायचा आणि ढकलायचं, एवढंच. पण खिडकी चिकटवली त्या दिवसानंतर ते ह्या दारातून एकदाही आत गेले नव्हते. बाळ बाहेर आणून त्यांच्या मांडीवर देत. न्हाऊन, तेल लावून, शेकाला पडलेली मुलगी अंगावर काय घेऊन असेल, पाजत असेल, उघडी असेल. बापाने तिथे जायचं नसतं. हे कुणी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, पण न सांगता पाळायच्या गोष्टींतच ते वाढले होते. आणि समजा काहीच नसलं तर? पोर दचकून उठेल, बाळ रडेल, सरोज पंधरा दिवस ऐकवेल, रविवारी बारशाला साईनाथच्या आईसमोर ती गोष्ट रंगवून सांगितली जाईल की आमच्या ह्यांना कारखान्यात एकदा काही झालेलं, तेव्हापासून आगपेटी पाहिली तरी घाबरतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस, ताक फुंकून पितो. सगळे हसतील. तेही हसतील. थांबावं का पाच मिनिटं? बारा वाजता तर मालनने सांगितलंच आहे उठवायला. आत्ता किती वाजले? भिंतीवरचं घड्याळ सेलचं होतं, ते चालू होतं. अकराला दहा कमी. हे पाच मिनिटांचं थांबणं त्यांना ओळखीचं वाटलं. लहानपणी विहिरीत डोकावताना वाटायची तशी साधी भीती त्यांना वाटली. त्यांच्या लक्षात आलं की आपला हात मुठीवर आहे आणि आपण दार आणखी घट्ट ओढून धरलं आहे.

मंग उठवला का नाय.

त्यांनी दार ढकललं. गुंडाळी जमिनीवरून फरफटत आत गेली. खोली उबदार होती, स्वच्छ होती, ओव्याचा वास होता, धुराचा लवलेश नव्हता. इतकी प्रसन्न खोली होती ती की क्षणभर त्यांना आपलीच लाज वाटली. अंतरा कुशीवर होती, पाठीवर शाल, एक हात खाटेवरून खाली लोंबत होता. "अंतरा," ते म्हणाले. मग मोठ्याने म्हणाले. मग तिचा खांदा धरून हलवला. तिचे डोळे अर्धे उघडले, पांढरे दिसले, ओठ "बाबा" म्हणाल्यासारखे हलले आणि डोळे मिटले. बाळ तिच्या पोटाशी दुपट्यात गुंडाळलेलं, गाल लाल. सुंदर दिसत होतं. त्र्यंबकरावांनी दुपट्यातून त्याचा पाय ओढून बाहेर काढला आणि तळव्यावर टिचकी मारली. पाय हलला नाही. दुसरी मारली, जोरात, अकरा दिवसांच्या पोराला मारू नये इतक्या जोरात. पाय हलला नाही.

मग ते ओरडले. "सरोज!" असं ते ओरडले, आणि तो आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला, कारण ह्या घरात तो कधी निघालाच नव्हता. बाळाला छातीशी धरून ते बाहेर आले, धडपडत उठून बसलेल्या सरोजताईंच्या हातात ते दिलं, त्यांना दंडाला धरून फ्लॅटच्या दाराबाहेर जिन्यात लोटलं. तिथेच थांब, आत यायचं नाही, त्याच्या पायाला मारत राहा, असं सांगितलं. समोरच्या दारावर मुठी आपटल्या. मग जिन्यातली हवा छातीभर घेतली, जशी वहीत लिहून घेतली होती तशी, आणि परत आत गेले.

खिडकी उघडेना. आपल्याच हाताने लावलेली पट्टी, चांगल्या प्रतीची, नखाने निघेना. खिडकीच्या खालच्या चौकटीवर बाळाची सहाण होती, मालन रोज तिच्यावर मायफळ आणि हळकुंड उगाळून गुटी करायची. त्र्यंबकरावांनी ती सहाण उचलली आणि काचेवर हाणली. पहिल्या घावाला तडा गेला, दुसऱ्याला काच खाली गेली आणि बाहेरचा तो घाणेरडा, सडक्या कोबीचा वास आत आला. त्यांनी तो भुकेल्यासारखा ओढून घेतला. अंतराला उचलणं त्यांच्या कंबरेला झेपणारं नव्हतं. तिच्या खालची गोधडी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. ती गोधडीसकट खाटेवरून धप्पकन खाली आली. लागलं असेल. लागू दे. फरशीवरून गोधडी सरळ हॉलमध्ये, हॉलमधून दाराबाहेर. तोवर समोरची विनिता बाहेर आली होती, तिच्या फोनला चार टक्के बॅटरी होती आणि ती चारही टक्के ॲम्ब्युलन्स बोलावण्यात गेली. कुणी प्लॅस्टिकची खुर्ची आणली, कुणी ओढणीने अंतराला तिच्यात बांधलं, आणि चार माणसांनी ती खुर्ची उचलली.

पुढे खुर्ची, मागे बाळाला घेतलेले त्र्यंबकराव, त्यांच्या मागे कठड्याला धरून सरोजताई. पाचव्या मजल्यावरून उतरताना ते बाळाशी बोलत होते. काय बोलत होते ते नंतर कुणाला आठवलं नाही, त्यांनाही नाही. सरोजताईंना एवढंच आठवलं की त्यांनी बाळाला नावाने हाक मारली होती, बारशाआधी, "अद्वय, ऊठ. अद्वय, ऊठ रे," आणि दर पायरीला त्या इवल्या तळव्यावर टिचकी. चौथ्या मजल्याच्या वळणावर, जिथे जिन्याच्या जाळीतून वारा येतो, तिथे बाळाने तोंड वाकडं केलं. मग तोंड उघडलं. आवाज यायला पुष्कळ वेळ लागला. आला तो मांजराच्या पिल्लाएवढा होता. त्र्यंबकराव तिथेच पायरीवर बसले. मागून सरोजताईंनी त्यांचा खांदा धरला आणि दोघं पुन्हा उठून चालायला लागले.

हॉस्पिटलात अंतराच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला, बाळाच्या डोक्यावर पारदर्शक टोप आला. चाळिशीतल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो कोळशाचा. दुसरा, खिडकी. उत्तरं ऐकून त्या रागावल्या नाहीत, थकल्यासारख्या दिसल्या. दोघंही वाचतील, त्या म्हणाल्या, दोन-तीन दिवस लक्ष ठेवावं लागेल. अजून अर्धा तास गेला असता तर काही सांगता आलं नसतं. सरोजताई एवढं ऐकून बाकावर बसल्या. मग त्र्यंबकरावांकडे न बघता म्हणाल्या की हिच्या वेळी मीही शेकले होते, आईनेच शेकलं होतं, गावी, त्याच शेगडीवर. सव्वा महिना. आजीने आईला शेकलं. कुणाला कधी काही झालं नाही. "आणि त्या खोलीला तर खिडकीच नव्हती हो," त्या म्हणाल्या. त्यांना खरोखरच कोडं पडलं होतं.

"कौलं होती," त्र्यंबकराव म्हणाले.

सरोजताईंनी वर पाहिलं, हॉस्पिटलच्या सपाट पांढऱ्या छताकडे, आणि पाहतच राहिल्या. कौलांच्या फटींतून गाद्यांवर पडणारे उन्हाचे कवडसे त्यांनाही आठवले असावेत.

दुपारी मालन आली. कुणी तरी तिला गाठून सांगितलं होतं. तिने त्र्यंबकरावांचे पाय धरायला हात पुढे केले, ते मागे सरकले. काका, मी धूर कधीच आत येऊ दिला नाय हो, निखारे झाल्याबिगर शेगडी नेली नाय कधी, हेच ती पुन्हा पुन्हा सांगत होती, आणि ते खरंच होतं. ती कधी चुकली नव्हती. त्र्यंबकरावांनी तिला धुराचं आणि वायूचं सांगितलं, वहीतलं सगळं सांगितलं; कोळसा घराच्या बाहेरच पेटवायचा आणि बाहेरच विझवायचा, आत आणायचाच नाही, निखारा कितीही स्वच्छ दिसो; वीज नसली तर अंगावर एक पांघरूण जास्त घालायचं. तुला काल जिन्यात गरगरलं तेही त्यानेच, ते म्हणाले. ऐकता ऐकता मालनचा चेहरा उतरला. शहाडला ती आणखी एका बाळंतिणीच्या घरी जायची. तिथेही वीज परवापासून ये-जा करत होती. तिथेही तिने आज शेगडी ठेवली होती.

"लाव फोन," त्र्यंबकराव म्हणाले. "आत्ता. आणि सांग, झोपली असतील तर उठवा."

फोन लागला. पलीकडे खिडकी अर्धी उघडी होती, तिथल्या आजोबांना वाऱ्याशिवाय झोप येत नव्हती म्हणून. मालन भिंतीला टेकून खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली.

संध्याकाळी अंतरा शुद्धीवर आली, पाणी मागितलं, बाळ कुठे म्हणाली, मास्क लावून पुन्हा पडली. बाळाला तिच्या शेजारच्या पाळण्यात ठेवलं होतं. पोटभर दूध पिऊन ते झोपलं. वॉर्डात सात-आठ खाटा होत्या, बायका आडव्या झाल्या होत्या, नर्सने मोठे दिवे मालवले आणि कुजबुजत सांगितलं की आता आवाज नको. त्र्यंबकराव आणि सरोजताई पाळण्याच्या दोन बाजूंना स्टुलांवर बसले होते. बाळ अगदी हलत नव्हतं. गालांचा रंग साधा होता, फिकट, जरासा पिवळसरच.

"देवरामचं दार मी ओढून घेतलं होतं," त्र्यंबकराव म्हणाले. "त्याला जाग येऊ नये म्हणून."

सरोजताईंना क्षणभर लागला. "खडवलीचा? करवंदं आणायचा तो?"

"हो."

एकतीस वर्षं हा माणूस हे एकटाच मनात घेऊन चमचासुद्धा न वाजवता वावरला, आणि आपण थट्टा करत होतो, असं काहीसं त्यांच्या चेहऱ्यावरून सरकत गेलं. मग त्यांनी पाळण्यात वाकून बाळाच्या नाकापाशी बोट धरलं. श्वास लागत होता. तरी त्यांनी बोट काढलं नाही. मग त्यांनी त्र्यंबकरावांकडे पाहिलं, आणि ज्या बाईने आज सकाळीच झोपलेलीला उठवू नये म्हणून दटावलं होतं ती म्हणाली, "अहो, उठवा ना त्याला एकदा."

त्र्यंबकरावांनी दुपट्यातून पाय बाहेर काढला आणि टिचकी मारली. बाळ दचकलं, लालबुंद झालं आणि त्याने असं काही भोकाड पसरलं की पलीकडच्या तीन खाटांवरच्या बायका उठून बसल्या, दाराशी नर्स धावत आली, आणि अंतराने मास्कआडून डोळे उघडले. सगळा वॉर्ड जागा झाला होता. होऊ दे, त्र्यंबकरावांना वाटलं, आणि त्यांनी बाळाला गप्प केलं नाही.